तिसऱ्या चौकटीतली राक्षसी

आमच्या भाईंदर-गोडदेवच्या इमारतीत माझ्याविषयी बरीच वर्षं कुजबुज चालू होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शालिनीबाईंकडे रविवारी सकाळी अनोळखी पुरुष येतात. चांगले पन्नाशीचे, पोट सुटलेले, हातात मोठ्या चपट्या पिशव्या. दार बंद होतं. दीड-दोन तासांनी बाहेर पडतात तेव्हा डोळे लाल. एक जण तर जिन्यात बसून हमसाहमशी रडला. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, मी पत्रिका बघते. त्यांच्या मिसेसना वाटलं, माझ्या अंगात येतं. शेवटी त्या एकदा खण-नारळ घेऊनच आल्या. नारळ मी ठेवून घेतला आणि त्यांना आत नेऊन पलंगावर पसरलेला माल दाखवला.

"हे काय हो?"

"चित्रकथांची पानं. मूळ पानं, हातानं काढलेली."

"पण याची पुस्तकं छापून आली असतील ना?"

"आली की. पन्नास वर्षांपूर्वी."

"मग ही कशाला घेतात लोक?"

हा प्रश्न मला माझ्या मुलानं, सुनेनं, दोन्ही व्याह्यांनी आणि एकदा रिक्षावाल्यानंही विचारलेला आहे. म्हणून आधी धंदा समजावून सांगते.

कॉम्प्युटर यायच्या आधी चित्रकथा अशी तयार व्हायची: चित्रकार जाड कार्डावर, छापील पानाच्या दीडपट मोठं पान आधी पेन्सिलीनं काढायचा, मग त्यावर ब्रशनं काळी शाई. थोडं चुकलं तर पांढरा रंग फासायचा. फारच चुकलं तर तेवढ्या जागेवर नवा कागद चिकटवून चित्र पुन्हा काढायचं. त्याला आम्ही ठिगळ म्हणत असू. पात्रांच्या तोंडातून निघणारे बोलण्याचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून, कात्रीनं कापून पानावर डकवायचे. मग पानाचा फोटो निघायचा आणि त्यावरून छपाई. फोटो निघाला की पानाचं आयुष्य संपलं. भाजी निवडून झाली की देठांकडे जसं कुणी बघत नाही, तसं त्या पानाकडे कुणी बघत नसे. आमच्याकडे चहाचे कप त्यावरच ठेवत.

ते फुगे लिहिणारी मी. रत्नागिरीकडच्या एका खेड्यातून आलेली, अक्षर मोत्यासारखं, आणि ते मोत्यासारखं आहे हे दिवसातून चार वेळा स्वतःच म्हणणारी. गिरगावातल्या त्या चित्रकथांच्या कचेरीत मी विसाव्या वर्षी लागले आणि महिन्याभरात माझी खात्री झाली, की लोक चित्रांसाठी नाही, माझ्या फुग्यांसाठी अंक घेतात. राक्षस "हा हा हा" हसला तर त्यातला तिसरा "हा" मी जरा मोठा काढत असे. तो माझा शोध. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही याचं मला वाईट वाटायचं.

पुढे कचेरी बंद पडली. पानांचे गठ्ठे रद्दीत निघाले होते, ते मी टॅक्सीत घालून घरी आणले. कुणी मुलाखतीला आलं की मी सांगते, कलेच्या ओढीनं आणले. खरं म्हणजे कागद जाड होता आणि मला स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर घालायला हवा होता. बारा वर्षं माझे डाळीचे डबे एका समुद्रयुद्धावर उभे होते.

मग एक दिवस पहिला गिऱ्हाईक आला. कुणाकडून तरी ऐकून, पत्ता शोधत. म्हणाला, लहानपणी वाचायचो, मूळ पान असेल तर बघायचंय. मी म्हटलं, आठवड्यानं या. पाहुण्यासमोर मळकी चादर कशी घालायची? आठवडाभर मी निवडक अकरा पानं साफ केली. कडेला पेन्सिलीनं लिहिलेल्या संपादकांच्या सूचना खोडरबरानं पुसल्या. डाग पावाच्या तुकड्यांनी घासले. चारी बाजूंचं वेडंवाकडं कार्ड कात्रीनं सरळ केलं. आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन अकराच्या अकरा पानं लॅमिनेट करून आणली.

गृहस्थ आले. पानं बघितली. मग हळूच खाली बसले आणि म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?"

मला वाटलं, भारावले.

ते पाणी प्यायल्यावर त्यांनी मला पहिला धडा दिला. पुसलेल्या सूचना, डाग, पेन्सिलीच्या रेघा, कडेला चित्रकारानं ब्रश टिपल्याचे ठिपके, हेच तर हवं असतं. छापलेलं पान हजारांकडे असतं. चुकलेलं, खाडाखोड केलेलं, चहा सांडलेलं एकच. लॅमिनेट केलेली ती अकरा पानं अजून माझ्याकडे आहेत. कुणी घेत नाही. नातवंडं त्यावर पापड लाटतात. पुसायला फार सोपं जातं.

तेव्हापासून मी चुका विकते. माझी एक गिऱ्हाईक मिरा रोडच्या शाळेत शिकवते. ती फक्त घोड्यांची पानं घेते, आणि तीही घोड्यांचे खूर दिसत नसलेली. आमच्या एका चित्रकाराला खूर जमत नसत, म्हणून त्याचे घोडे कायम गवतातून नाहीतर धुळीतून पळत. आमच्याकडे एकदा दरबारात घोडा आला, तर या गृहस्थानं दरबारातही गवत काढलं. ते पान मिळालं तेव्हा बाई मला मिठीच मारायच्या राहिल्या. आणि तो जिन्यात बसून रडणारा? ते मोठे वकील आहेत. लहानपणी त्यांच्या अंकाचं शेवटचं पान भावानं फाडलं होतं, आणि नायक विहिरीतून वर आला की नाही, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पुढच्या अंकात होताच की तो!" तर म्हणतात, "पुढचा अंक वडिलांनी घेऊन दिला नाही."

असो. आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यानंतर अर्ध्या उत्तनला कळलंय, तर दिवाळी अंकाच्या वाचकांनीच काय घोडं मारलंय?

आमच्या कचेरीचे सगळ्यात चांगले चित्रकार म्हणजे उत्तनचे मिंगेलदादा. वडील मासेमारीला जायचे. दादांना बोटीवर मळमळायचं, म्हणून ते चित्रकार झाले. पण समुद्र असा काढायचे, की बघणाऱ्याला मळमळावं. त्यांची एक मालिका फार गाजली. एक शूर खलाशी आणि तिमिंगी नावाची समुद्रराक्षसी. तिमिंगी पहिल्यांदा पाण्यातून वर येते ते पान कचेरीत आलं, त्या दिवशी दादा गावच्या सणाला गेले होते. उत्तनला चर्चचा सण म्हणजे चार दिवस माणूस कुणाचा नाही. फोटो काढणारे दारात उभे. मी फुगे डकवत होते. टेबल लहान, म्हणून शाईची दौत पानावरच ठेवलेली. ती तशी ठेवू नये, हे मला तीनदा सांगून झालेलं. पण माझा साखरपुडा नुकताच झाला होता, हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि लिहिताना त्या कशा किणकिणतात हे मी ऐकत होते.

बांगडी दौतीला अडकली. तिसऱ्या चौकटीतली तिमिंगी शाईत अर्धी बुडाली. टिपायला म्हणून मी हात टाकला, तर बांगडीचा अर्धा गोल त्या डागात उमटला.

शहाण्या मुलीनं संपादकांना जाऊन सांगितलं असतं. मी दार लावलं. कार्डाचा तुकडा कापला, तिसऱ्या चौकटीच्या मापाचा, आणि मीच राक्षसी काढायला बसले. शाळेत चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यातल्या एकीत पासही झाले होते. केस जमले. लाटा दादांच्याच दुसऱ्या पानावरून उतरवल्या. चेहरा काही जमेना. शेवटी पर्समधला आरसा समोर धरला आणि त्यात जे दिसलं ते काढलं. फाटलेले डोळे, एक भुवई वर, खालचा ओठ दातात. नोकरी जाणार आणि सासरी कळणार म्हणून गर्भगळित झालेली एक मुलगी. तिला मी शिंगं लावली. ठिगळ चिकटवलं. संपादक बघून म्हणाले, "मिंगेल आज रंगात आलाय."

अंक निघाला आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना ती तिसरी चौकट आवडली. राक्षसी असून घाबरलेली! काय कल्पना! दादा कचेरीत आले तेव्हा मी फुग्यांच्या मागे लपून बसले होते. त्यांनी छापील पान हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता संपलं. तर म्हणतात, "आयला, ह्ये मी काढलं?"

मी एक फुगा उगाचच पुन्हा कापायला घेतला.

"बरंच जमलंय की," दादा स्वतःशीच म्हणाले.

महिन्याभरात त्याची गोष्ट तयार झाली. एकदा त्यांची बायको मोनी मासळीच्या लिलावात कुणावर तरी ओरडत होती, दादांनी ते पाहिलं, आणि तोच चेहरा कागदावर उतरला. दरवेळी सांगताना गोष्टीत भर पडे. आधी पापलेट होतं, मग सुरमई झाली. दादा खोटं बोलत नव्हते. त्यांना ते तसंच आठवत होतं. आणि मी दरवेळी "वा दादा!" म्हणत होते. आज त्या शालीला मी भेटले, तर तिच्या त्या किणकिणत्या हातावर एक चापट मारीन.

माझा एक नियम आहे आणि त्याची मी गावभर टिमकी वाजवलेली आहे. प्रत्येक पानाबरोबर मी माझ्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी देते: "या पानावरची रेघ न् रेघ अमक्यांच्या हातची आहे. मी पाहिलेलं आहे." शिवाय चित्रकार हयात असेल तर गिऱ्हाइकाला त्याच्या घरी नेऊन, त्याच्यासमोर सही घेते. बाजारात नकली पानं फार. पण माझी चिठ्ठी असली की लोक डोळे मिटून घेतात. म्हणून तिमिंगीचं पान मी कधी विकलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "रद्दीत गेलं हो ते." पान साड्यांच्या कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूखाली होतं.

बेव्हर्ली पार्कचे नरेशभाई नऊ वर्षं ते पान शोधत होते. बनियनचं होलसेल दुकान मुलाकडे सोपवून हे दिवसभर चित्रकथांवर विचार करतात. तिसऱ्या चौकटीवर त्यांचा सिद्धान्त आहे. "मासी, वो राक्षसी है ही नहीं. ती माणसांना घाबरते. हा सगळा सिरीजचा फिलॉसफी त्या एका फेसमध्ये आहे." मी मान डोलवायची आणि खिडकीबाहेर बघायची.

गेल्या पावसाळ्यात कपाटात दमट वास यायला लागला म्हणून साड्या आणि पान पलंगावर पंख्याखाली पसरलं होतं. बेल वाजली. सुनेनं दार उघडलं. नरेशभाई न कळवता ढोकळा घेऊन आले होते. ते आत आले, पलंगाकडे बघितलं आणि ढोकळ्याचा डबा सुनेच्या हातात न देता हवेतच सोडला.

"मासी," ते कुजबुजले, "रद्दीत गेलं होतं ना?"

"परत आलं," मी म्हटलं. दुसरं काय सुचणार?

मग त्यांनी मला सोडलंच नाही. मी म्हटलं, दादांची तब्येत बरी नाही. त्यांनी दादांना फोन लावला. दादा म्हणाले, मी ठणठणीत हाय, या. मी म्हटलं, माझे गुडघे. ते गाडी घेऊन आले. गाडी भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागली आणि मी मांडीवरचं पान हातांनी घट्ट धरून बसले. कारण एक गोष्ट फक्त मला माहीत होती: पन्नास वर्षांत रबराचा डिंक वाळून गेला होता. ठिगळाची वरची कड सुटली होती. मी त्यावर अंगठा दाबून ठेवला होता. मला दादांसमोर दोनच गोष्टी करता येणार होत्या. खोट्या चिठ्ठीवर सही करायची, नाहीतर ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातून त्याचं सगळ्यात चांगलं चित्र काढून घ्यायचं.

"मासी, अंगूठा हटाओ ना, तेल लगेगा."

"माझ्या अंगठ्याला तेल नाही."

उत्तनला दादांच्या ओट्यावर मोनी बोंबील निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण आवाज असा की समुद्रानं जरा दबूनच यावं. "आलीस काय शालूबाय! ये. ह्यो कोन? ह्योच त्यो राक्षीण घेनारा?"

दादा आत पेन, चष्मा सगळं तयार ठेवून बसले होते. सदरा इस्त्रीचा. त्यांनी नरेशभाईंना लिलावाची गोष्ट सांगितली. या वेळी मासा घोळ होता. नरेशभाई हात जोडून ऐकत होते. मग पान टेबलावर ठेवावंच लागलं. अंगठा काढावाच लागला. खिडकीतून वारा आला आणि ठिगळाची कड टकटक हलली.

नरेशभाई खाली वाकले. खिशातून भिंग काढलं. "पॅच!" ते ओरडले. "मासी, इसमें पॅच है! नीचे दुसरी ड्रॉइंग असणार!" आमच्या धंद्यात ठिगळाखालचं चित्र म्हणजे खजिना.

"ठिगळ?" दादा म्हणाले. "मी न्हाय लावला तिथं ठिगळ."

मी अंगठा परत कडेवर ठेवला. तेवढ्यात दादांचा चेहरा उजळला. "हां, हां! लावला हुता! पयली मनासारखी झाली न्हवती. म्हनून फिरून काढली. आठवलं!"

बघा. देवानं ताटात वाढून दिलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा मला पन्नास वर्षांचा सराव होता. दादांनी पेनचं टोपण काढलं.

"कर, कर सई," ओट्यावरून मोनी म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "राक्षीण केलीस माजी, आता इकून टाक. म्हंजे मेल्यावर पन लोक बघतील, मिंगेलची बायको कशी हुती."

"मस्करी हुती गो," दादा म्हणाले.

"तुला मस्करी. मना चर्चात जाताना पोरं बोलायची, तिमिंगी आली, तिमिंगी आली. ती पोरं आजोबे झाली, त्यांची नातवंडं बोलतात. तुजी भयन फिलू तर माज्या पोरीच्या लग्नात बोलली, नवरीची आय पान्यातून वर आली. पन्नास वर्सं मी आरशात बघते, मी अशी हाय काय?"

माझ्या डोक्यात तोवर फक्त मी आणि दादा होतो. माझी चिठ्ठी, त्यांचं चित्र. मोनीचा हिशेब माझ्याकडे नव्हताच. मी तिला पन्नास वर्षं मोठ्या आवाजाची बाई म्हणून ओळखत होते.

दादांचं पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात मी तिथं तळहात ठेवला.

"थांबा दादा. ती मोनी नाही."

"मग कोन?"

"मी."

सांगितलं सगळं. दौत, बांगड्या, आरसा. दादा हसले. "वय झालं तुजं, शालू. कायपन बोलतेस." त्यांचा विश्वासच बसेना. त्यांना तो घोळ मासा स्वच्छ आठवत होता. मग मी पर्समधून प्लॅस्टिकची पातळ पट्टी काढली आणि ठिगळाखाली सरकवली. नरेशभाईंनी डोळे झाकून घेतले. ठिगळ अलगद सुटून हातात आलं.

खाली काळा डाग. डागात बांगडीचा अर्धा गोल. आणि डागाच्या एका बाजूला, शाईतून वाचलेली, दादांची खरी तिमिंगी. शांत. डोळे खाली. हात जोडल्यासारखे.

मोनी उठून आली, बोंबलाचे हात पदराला पुसत. तिनं वाकून बघितलं. "ही राक्षीण?" ती म्हणाली. "ही तर कॉन्व्हेंटातली मदर हाय. ही जहाज बुडवनार? ही जहाजासाठी प्रार्थना करील."

दादांनी चष्मा काढला, पेनला टोपण लावलं आणि उठून मागच्या अंगणात गेले. ते माझ्याकडे न बघता गेले. मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्लीत, पण ती पाठ विसरत नाही.

"मासी," नरेशभाई हळूच म्हणाले, "तो फिर वो... वो फिलॉसफी?"

"बांगड्यांची होती," मी म्हटलं.

माझ्या हातातलं ठिगळ मोनीनं कधी काढून घेतलं ते कळलंच नाही. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडे बघितलं. परत ठिगळाकडे. मग म्हणाली, "डोळे फाड."

"काय?"

"डोळे फाड बोलते! ओठ चाव. भिवई वर." मी केलं. ती ओरडली, "तीच! येशू, तीच हाय!" आणि तिनं माझं मनगट धरलं. "चल."

"कुठं?"

"घरोघर."

तर वाचकहो, एकाहत्तराव्या वर्षी माझी उत्तनमध्ये मिरवणूक निघाली. पुढे मोनी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठिगळ. मागे मी. माझ्या मागे मूळ पान छातीशी धरलेले नरेशभाई, "मासी, मोडना मत! मासी, धूप में मत रखो!" म्हणत. पाचवं घर होईपर्यंत मोनीनं माझी ओळख करून द्यायचंही सोडून दिलं. दारात उभी राहायची, ठिगळ वर धरायची आणि मला म्हणायची, "कर." मी तोंड करायची. घरातल्या बायका खो-खो हसायच्या. एकीनं नातवाला उठवून आणलं; तो मला बघून रडायला लागला, तेव्हा मोनीचा आनंद गगनात मावेना. "बघ! माज्याकडं बघून कदी रडला काय?"

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगू? सातव्या घरापासून मला मजा यायला लागली. पन्नास वर्षं माझी सगळ्यात गाजलेली कलाकृती दुसऱ्याच्या नावावर होती. आता लोक चेहरा जुळवून बघत होते आणि म्हणत होते, "हुबेहूब!" आठव्या घरी तर मी न सांगता "हा हा हा" पण केलं, तिसरा मोठा. मोनीनं डोळे वटारले. "जास्ती नको."

शेवटचं घर फिलूचं. ही मोनीची मोठी नणंद, नव्वदीची. तिमिंगी हे नाव मोनीला पहिल्यांदा ठेवलं ते हिनंच. ती खुर्चीत बसून मटार सोलत होती. मोनी दारात थांबली. इतका वेळ तोफेसारखी चाललेली बाई, पण तिथं तिनं आधी पदर नीट केला. मग आत गेली आणि ठिगळ फिलूच्या मांडीवर ठेवलं.

"बघ फिलू. मी न्हाय ती. ही हाय. कर गो शालूबाय."

मी केलं. फिलूनं चष्मा लावला. माझ्याकडे बघितलं. ठिगळाकडे बघितलं. नरेशभाईंकडेही बघितलं, ते कोण हे न विचारता. मग मटाराची एक शेंग सोलली.

"व्हय," ती म्हणाली. "तोंड हिचंच हाय."

मोनीनं श्वास सोडला.

"पन मंग," फिलू म्हणाली, "पन्नास वर्सं आमच्यावर वरडली ती कोन?"

मोनी जी सुटली! तिनं फिलूला पोरीच्या लग्नापासून सुरुवात करून आजच्या मटारापर्यंत सुनावलं. आसपासची मंडळी अंगणात गोळा झाली. नरेशभाईंनी पान पाठीमागे लपवलं. फिलू शांतपणे सोलत होती. मधूनच "हां" म्हणत होती. मला वाटतं, दोघींनी या भांडणाची बरीच वर्षं वाट बघितली असावी.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. दादा. काठी टेकत घराघरातून आमच्या मागे आले होते, कधीपासून कोण जाणे. त्यांनी फिलूच्या मांडीवरून ठिगळ उचललं, हात लांब करून ते मोनीच्या तोंडाशेजारी धरलं आणि चित्रकार बघतात तसा एक डोळा मिटला. मोनी ओरडतच होती. दादा बराच वेळ आलटून पालटून बघत राहिले.

मग नरेशभाईंकडे वळून म्हणाले, "पान दे. पेन पन दे."

फिलूच्या दारातल्या बाकावर त्यांनी पान ठेवलं. पहिल्या चौकटीखाली सही केली. दुसऱ्या. चौथ्या. पाचव्या. मग ठिगळ तिसऱ्या जागेवर, डाग झाकून, नीट बसवलं. त्याखाली त्यांनी आधी माझं नाव लिहिलं, आणि मास्तर वहीत शेरा मारतात तसं शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: "नाक चुकलं."